किल्ली कोणाच्या खिशात?

आमच्या संगणक-कक्षातील फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला एक शब्द गेले दीड वर्ष कोणी पुसलेला नाही. शिपाईमामा रोज सकाळी फळा पुसतात, पण तेवढा चौकोन सोडून पुसतात. तिथे काहीतरी महत्त्वाचे आहे एवढे त्यांना उमगले आहे. मराठी विभागाने आपल्या तालुक्यातील बोलीचा जो शब्दसंग्रह चालविला आहे, तो ज्या सर्व्हरवर ठेवलेला आहे त्याचा हा परवलीचा शब्द. कक्षात येणारा विद्यार्थी तो वाचतो, प्राध्यापक वाचतात, गेल्या पावसाळ्यात पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमननेही तो वाचला असणार. आणि ह्याच खोलीत, ह्याच फळ्याखाली बसून आम्ही तासन् तास वाद घालतो तो कशावर? तर त्या सर्व्हरपर्यंत पोचण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर अधिक सुरक्षित, ह्यावर!

वाद घालणाऱ्यांचे तीन पंथ आहेत. पहिला पुटीपंथ. ह्या मंडळींनी शाळेपासून पुटी वापरली आहे आणि मरेपर्यंत तीच वापरणार आहेत. दुसरा मोबापंथ. ह्यांच्या पडद्यावर डावीकडे फाइलींची यादी, वर रंगीबेरंगी कप्पे, खाली सर्व्हरच्या प्रकृतीचे आकडे असा थाट असतो. तिसरा पंथ काळ्या खिडकीत सरळ ‘एसएसएच’ अशी आज्ञा टंकून आत शिरणाऱ्यांचा. ह्यांना बाकीचे दोन्ही पंथ पोरकट वाटतात. शैव-वैष्णवांनी लाजावे अशी ही भांडणे मी तीन वर्षे ऐकत आलो, त्यांत हिरिरीने भागही घेतला. ह्या वर्षी जे घडले त्यानंतर माझे मत पालटले. ते मत मांडण्यासाठी हा लेख.

घडले ते असे. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मोटेच्या शब्दांची फाइल नाहीशी झाली. मोट म्हणजे विहिरीवरची. विजेचे पंप आल्यापासून मोटा गेल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही चालले: नाडा, सोंदूर, कणा, थारोळे, बैलांची धाव. आमच्या गटाने आठ गावांत फिरून, ओट्यांवर बसून, म्हाताऱ्यांचे बोलणे लिहून घेऊन सुमारे ४०० शब्द जमविले होते. त्यातले जवळजवळ शंभर एकाच आजोबांनी सांगितलेले. ते दिवाळीनंतर वारले. जुनी प्रत एका मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवर सापडली, ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची. पुढचे अडीच महिन्यांचे काम गेले ते गेले.

कोणी पुसली फाइल? सर्व्हरने नोंद ठेवलेली होती. त्या दिवशी आत नऊ वेळा प्रवेश झाला होता, नवाही वेळा एकाच नावाने, कारण नाव सगळ्यांचे एकच आहे. पत्ताही एकच, कारण महाविद्यालयातील सारी यंत्रे बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतात. नऊ माणसे होती की एकाच माणसाने नऊ वेळा दार उघडले, हेही सांगता येईना. सरांनी सर्वांना उभे करून विचारले. कोणी बोलले नाही. लपवायचे म्हणून नव्हे. खरोखरच कोणाला माहीत नव्हते. मलाही नव्हते. त्या दुपारी मी कक्षात होतो, पुटीची खिडकी उघडी होती, आणि मी जुन्या फाइली काढून टाकीत होतो. पुटीत उंदराचे उजवे बटण दाबले की आधी उचललेला मजकूर तिथल्या तिथे चिकटतो. ओळीच्या शेवटासकट चिकटला तर ती आज्ञा तात्काळ पाळली जाते, ‘नक्की ना?’ असे कोणी विचारीत नाही. ते पाप माझे असेल, नसेलही. मी निर्दोष आहे हे मला सिद्ध करता येत नाही आणि मी दोषी आहे हे दुसऱ्या कोणाला. ही अवस्था फाइल जाण्याहून वाईट, हे मी तेव्हापासून अनुभवतो आहे.

आता थोडे मागे जाऊ. दूरच्या संगणकावर आपल्या टेबलावरून काम करण्याची सोय फार जुनी आहे. टेलनेट नावाच्या पद्धतीने लोक ते वर्षानुवर्षे करीत होते. पण टेलनेट म्हणजे पोस्टकार्ड. वाटेतला कोणीही पोस्टमन मजकूर वाचू शकतो, आणि त्या मजकुरात परवलीचा शब्दही आलाच. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी असा चोरून वाचणारा बसविला आणि शब्द गोळा केले. तिथल्या तातू इलोनेन नावाच्या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिले आणि त्याच वर्षाच्या जुलैत ते सर्वांना फुकट वाटले. पोस्टकार्डाऐवजी लाखेचा लखोटा. वर्षअखेरीपर्यंत पन्नास देशांत सुमारे २०,००० लोक ते वापरू लागले होते. फाइली पाठविण्याच्या एफटीपी पद्धतीचा दरवाजा क्रमांक २१, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो ह्याने मागून घेतला. आजही जगातले सर्व्हर त्याच बावीस क्रमांकाच्या दारात एसएसएचची वाट पाहत असतात.

पुढे इलोनेन ह्यांनी कंपनी काढली, वापरण्याच्या अटी कडक होत गेल्या, आणि १९९९ साली ओपनबीएसडी ह्या प्रकल्पातील मंडळींनी एक जुनी, मुक्त परवान्याची प्रत घेऊन ओपनएसएसएच उभे केले. ते आज सर्वत्र आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक घडविला ही गोष्ट आपण शाळेत पाठ केली. आज त्याच कुळातला परम ब्रह्म पुण्याच्या आयसर संस्थेत आहे. त्यावर काम करणारे संशोधक त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत नाहीत. आपल्या खोलीतून एसएसएचने आत जातात. आमचा गरीब सर्व्हर मुंबईतल्या कुठल्याशा इमारतीत भाड्याने घेतलेला. पण दार तेच आणि कुलूपही तेच.

ह्या कुलपाची एक खुबी आहे, ती कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही पाच मिनिटांत समजते. परवलीचा शब्द सांगून आत जाता येते हे खरे. पण त्याहून चांगला मार्ग किल्लीचा. आपल्या यंत्रावर एक जोडी तयार करायची. तिचा एक भाग उघड, तो कुलपासारखा. दुसरा गुप्त, तो किल्लीसारखा. कुलूप हवे तितक्या दारांना लावा, लोकांना वाटा, फळ्यावर लिहा, काही बिघडत नाही. किल्ली मात्र आपल्या यंत्राबाहेर जात नाही. सर्व्हर विचारतो, ‘तू तोच का?’ आणि आपला क्लायंट किल्लीने सही करून उत्तर देतो. किल्ली दाखवावी लागत नाही, सही पुरते. शिवाय ओपनएसएसएचचा सर्व्हर कोणत्या किल्लीने दार उघडले तिचा ठसा नोंदवहीत लिहितो. म्हणजे आम्हा सर्वांचे नाव एकच ठेवले असते, पण किल्ल्या वेगवेगळ्या दिल्या असत्या, तर त्या दुपारी कोण केव्हा आत होते हे निदान कळले असते.

आता पंथांकडे वळू, कारण त्यांच्यात फरक नाही असे माझे म्हणणे नाही. फरक आहे, फक्त आम्ही भांडतो तिथे नाही.

पुटी ही रंगारी भिंतीला लावतो ती पुट्टी नव्हे, हे आमच्या वर्गात दर वर्षी एकदा तरी सांगावे लागते. सायमन टॅथम ह्या इंग्रज गृहस्थाने ती लिहिली आणि १९९९ पासून ती लोकांच्या हाती आहे. नावाचा अर्थ विचारला तर कर्ते ताकास तूर लागू देत नाहीत. विंडोजमध्ये एसएसएच नव्हतेच त्या काळात ह्या छोट्याशा, फुकट, न बसविताही चालणाऱ्या प्रोग्रॅमने लाखो लोकांची अडचण दूर केली, आणि त्याबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे. तिची एक गोष्ट मला विशेष आवडते: जोडणीच्या जतन केलेल्या तपशिलात ती परवलीचा शब्द साठवून ठेवीत नाही. लोकांनी वर्षानुवर्षे मागणी केली, तिने मानली नाही. उलट एक खोड अशी की जतन केलेल्या जोडण्या आणि ओळखीच्या सर्व्हरांचे ठसे ती विंडोजच्या नोंदणी-कोठारात लिहिते. स्वतःच्या यंत्रावर त्याने काही बिघडत नाही. पण एकाच लॉगिनवर चालणाऱ्या सामाईक कक्षात माझ्या नंतर बसणाऱ्याला मी कुठे कुठे जात होतो ते आयते वाचायला मिळते.

पुटीची खरी कसोटी लागली ती २०२४ च्या एप्रिलमध्ये, आणि ही हकीकत जरा तपशिलाने सांगतो, कारण तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पी-५२१ नावाच्या किल्लीप्रकारात प्रत्येक सहीसाठी एक गुप्त आकडा लागतो, दर वेळी नवा आणि पूर्णपणे बेभरवशाचा. पुटी लिहिली गेली त्या काळी विंडोजमध्ये बेभरवशाचे आकडे मिळण्याची भरवशाची सोय नव्हती. तेव्हा कर्त्यांनी हुशारी केली: किल्ली आणि संदेश ह्यांच्यावरूनच गणिताने तो आकडा काढायचा. गणित निघत होते ५१२ द्विमान अंकांचे. किल्ली होती ५२१ अंकांची. म्हणजे पहिले नऊ अंक कायम शून्य! नऊ शून्ये म्हणजे ती काय? पण जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की अशा सुमारे साठ सह्या हाती आल्या की त्यांवरून मूळ गुप्त किल्ली काढता येते. सही वाटेतल्या चोराला दिसत नाही, ती लखोट्यात असते. पण ज्या सर्व्हरवर आपण जातो त्याच्या धन्याला दिसते. साठ वेळा त्याच्या घरी जा, साठाव्या वेळी तुमच्या घराची किल्ली त्याच्याकडे. पुटीच्या ०.६८ ते ०.८० ह्या आवृत्त्यांत, म्हणजे २०१७ पासून सात वर्षे, हा दोष होता. पुटीचेच अंतरंग वापरणाऱ्या विनएससीपी आणि फाइलझिला ह्यांनाही तो लागू होता. ०.८१ मध्ये तो निघाला. पण नवी आवृत्ती बसविल्याने जुनी किल्ली शुद्ध होत नाही. ती फेकून नवीच करावी लागते. ज्यांच्या किल्ल्या दुसऱ्या जातीच्या, उदाहरणार्थ ईडी२५५१९ प्रकारच्या, होत्या त्यांना ह्याचा त्रास नव्हता.

पुटीपंथी मित्र म्हणतील, झाले, आता आमची नाचक्की करा. माझा तो हेतू नाही. दोष सापडला, मान्य झाला, तिसऱ्याच देशातल्या लोकांनी तो शोधू शकावा एवढा मजकूर उघडा होता. जे बंद पेटीत आहे त्यातले दोष सापडलेच नाहीत ह्याचा अर्थ ते नाहीत असा होत नाही. आणि उघड्या गोष्टींवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. २०२४ च्याच मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएचने आत जायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. अर्धा सेकंद! आमच्या कक्षात पंधरा मिनिटे लागली तरी कोणी विचारीत नाही. त्याने माग काढला, तेव्हा एक्सझेड ह्या दाबून साठविण्याच्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी दोन वर्षे विश्वास कमावून चोरदरवाजा बसविलेला निघाला. ओपनएसएसएचचा त्यात दोष नव्हता. काही लिनक्स वितरणांनी जी जोडजंतर केली होती तिच्या वाटेने चोर येणार होता. सुदैवाने तो सर्वदूर पसरण्यापूर्वी पकडला गेला.

तिसऱ्या पंथाची काळी खिडकी आता विंडोजमध्येही घरची झाली आहे. २०१८ च्या एप्रिलमधील विंडोज १० च्या सुधारणेपासून ओपनएसएसएचचा क्लायंट सोबतच येतो. बाहेरून काही आणावे लागत नाही. माझे आजचे मत ह्याच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण ऐटबाजी नव्हे. कारण असे की अनोळखी सर्व्हर भेटला तर हा क्लायंट त्याचा ठसा दाखवून पूर्ण ‘येस’ टंकायला लावतो, आणि ओळखीच्या सर्व्हरचा ठसा एकाएकी बदललेला दिसला तर मोठ्या अक्षरांत बोंब मारून दारच बंद करतो. पुटी अशा वेळी एक चौकट पुढे करते, तिच्यात ‘स्वीकारा’चे बटण असते. बटण दिसले की आपला हात दाबायला शिवशिवतो, हा मनुष्यस्वभाव आहे. मी तीन वर्षांत ती चौकट किती वेळा न वाचता दाबली ह्याची मोजदाद नाही. बाकी सोयीच्या बाबतीत, एका साध्या फाइलीत सर्व्हरांची टोपणनावे लिहून ठेवली की ‘एसएसएच शब्दसंग्रह’ एवढे टंकून काम भागते. शिकायला एक दुपार लागते, ती मी खोटे सांगणार नाही.

मोबाएक्सटर्म हे फ्रान्समधील मोबाटेक कंपनीचे अपत्य. दूरच्या लिनक्स यंत्रावरची चित्रमय खिडकी आपल्या विंडोजवर आणायची असेल तर ते मला सर्वांत सोयीचे वाटते. त्यासाठी लागणारा एक्स सर्व्हर त्याच्या पोटातच आहे. फुकटच्या आवृत्तीत बारा जोडण्यांची मर्यादा आहे, आमच्यासारख्यांना ती उमाळ्याने आठवण्याचे कारण नाही. ते परवलीचे शब्द साठवून ठेवायला तयार असते, आणि मोबापंथी बांधव ते आनंदाने साठवू देतात. निदान वरचा मुख्य शब्द तरी लावावा. सिक्युअरसीआरटी विकत मिळते, मोठ्या कचेऱ्यांत चालते; त्याची किंमत आमच्या स्नेहसंमेलनाच्या खर्चाच्या पंक्तीला बसणारी असल्याने त्यावर मत देणे म्हणजे दुकानाच्या काचेतून दागिन्यांची परीक्षा. फोनवरचे क्लायंट वापरणारे काहीजण आहेत. त्यांतले काही तुमच्या जोडण्या नि किल्ल्या कंपनीच्या खात्यात ठेवून सगळ्या उपकरणांवर एकसारख्या करून देतात. संकेतबद्ध करूनच ठेवतो असे ते सांगतात, त्यावर अविश्वास दाखविण्याचे मला कारण नाही. पण किल्लीचे सारे मर्म ती आपल्या यंत्राबाहेर न जाण्यात आहे. बसमधून सर्व्हर पाहण्याच्या हौसेसाठी ते मर्म सोडायला माझे मन घेत नाही.

आता ज्याविषयी आमच्या तिन्ही पंथांनी कधी भांडण केले नाही, आणि जे मराठी विभागाने सर्वांत आधी विचारायला हवे होते, ते सांगतो. ह्यातला कोणता क्लायंट देवनागरी नीट दाखवितो?

टर्मिनल म्हणजे मुळात चौकटींचा कागद. एक चौकट, एक अक्षर. इंग्रजीला हे मानवते. आपली ऱ्हस्व वेलांटी मात्र टंकताना व्यंजनानंतर येते आणि लिहिताना आधी. जोडाक्षरात दोन-तीन वर्ण एकमेकांच्या गळ्यात पडतात. उकार खाली जातो, मात्रा वर जाते. पुटीत अरबी लिपीची अक्षरे जोडण्याची आणि उजवीकडून डावीकडे लिहिण्याची व्यवस्था आहे. देवनागरीची नाही. ‘विहीर’ लिहिली की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, ‘थारोळ्यात’ मधला ळ पाय मोडून पडतो. गंमत अशी की आतला मजकूर शाबूत असतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांचा, ते तिन्ही जागच्या जागी असतात; फक्त दिसते वेडेवाकडे. म्हणून आम्ही काय करायचो? वेडेवाकडे दिसते म्हणून ‘दुरुस्त’ करायचो! दिसणारा कर्सर एकीकडे, खरा दुसरीकडे. एक वेलांटी पुसायला जावे तर शेजारचे व्यंजन जायचे. शब्दसंग्रहात ‘सोंदूर’चे तीन वेगळे लेखन सापडले तेव्हा आम्हाला वाटले बोलीभेद सापडला. एका मुलीने त्यावर चर्चासत्रासाठी निबंधाचा मसुदाही केला होता. तो बोलीभेद नव्हता, टर्मिनलभेद होता.

लिनक्सवर काम करणाऱ्यांना एमएलटर्म नावाचे बहुभाषी टर्मिनल आहे, त्याने भारतीय लिप्यांचा विचार केलेला आहे. पण आमच्या कक्षात विंडोज. तेव्हा माझा सल्ला असा की मराठी मजकुराला टर्मिनलमध्ये हातच लावू नये. त्यासाठी विनएससीपी घ्यावे. मार्टिन प्रिक्रिल ह्यांनी २००० साली सुरू केलेला हा मुक्त प्रोग्रॅम. एका बाजूला आपल्या फाइली, दुसऱ्या बाजूला सर्व्हरच्या. फाइलवर दोनदा टिचकी मारली की ती आपल्या यंत्रावर उतरते, नेहमीच्या संपादकात उघडते, तिथे देवनागरी देवनागरीसारखी दिसते, आणि जतन केली की परत सर्व्हरवर जाते. वाटही तीच, एसएसएचची. आणि मजकूर चुकीच्या जागी चिकटला तर फार तर शब्दाच्या अर्थात बिघाड होईल, सबंध फाइल पुसण्याची आज्ञा सुटणार नाही. मी हे ऑक्टोबरमध्ये वापरायला लागलो असतो तर बरे झाले असते.

एक सावधगिरीची गोष्ट. ह्यातले काहीही उतरवून घेताना शोधयंत्रावर जे पहिले दिसेल ते घेऊ नये. पुटीच्या नावाने विषारी प्रती वाटल्याचे २०१५ साली सिमँटेकने उघड केले होते. त्या प्रती आपण कोणत्या सर्व्हरवर कोणत्या शब्दाने गेलो ते परस्पर चोराला कळवीत होत्या. कुलूप-किल्लीचे दुकानच चोराने मांडायचे, असा प्रकार. खुद्द कर्त्यांचे पान चिआर्क नावाच्या इंग्लंडमधील यंत्रावर आहे. तिथे प्रत्येक प्रतीसोबत तिची सहीसुद्धा ठेवलेली असते. आमच्या कक्षातील बारा यंत्रांवर पुटीच्या मी पाच निरनिराळ्या आवृत्त्या मोजल्या. त्यांतल्या चार ०.८१ च्या आधीच्या आहेत. कोणी, केव्हा, कुठून आणल्या, हे विचारले तर उत्तर तेच: ‘होत्याच.’

ह्यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. एक प्राध्यापक महोदय म्हणाले, आपण कलाशाखेचे लोक, आपल्या सर्व्हरवर चोरण्यासारखे आहे काय? म्हाताऱ्यांचे शब्द कोण चोरणार? मी त्यांना आदरपूर्वक सांगू इच्छितो की चोराची भीती मला नाहीच. आमच्या शब्दांना भीती आहे ती आमचीच. दुसरा आक्षेप मित्रांचा: प्रत ठेवली असती तर किल्ली-बिल्ली काही लागले नसते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. रोज रात्री आपोआप प्रत काढण्याची व्यवस्था आता झाली आहे, ती आधीच व्हायला हवी होती. पण प्रतीने फाइल परत येते. नऊ जणांच्या मनातला एकमेकांविषयीचा संशय प्रतीने जात नाही.

आणि परवलीच्या शब्दाची सोय तरी काय आहे? मागच्या वर्षी उत्तीर्ण होऊन गेलेल्या विद्यार्थ्यांना तो पाठ आहे. तो बदलायचा तर चाळीस जणांना कळवावा लागेल, म्हणून कोणी बदलीत नाही. किल्ल्या असत्या तर ज्याचा संबंध संपला त्याची ओळ सर्व्हरवरच्या यादीतून खोडली की झाले. बाकी एकोणचाळीस जणांना पत्ताही लागत नाही. माणूस गेला की हजेरीपटातून नाव काढतो, तितके सोपे.

आमच्या गटाने विभागप्रमुखांकडे अर्ज दिला आहे. त्यात क्लायंटचे नाव एकही नाही. ज्याला जो रुचेल तो त्याने वापरावा, मात्र ताज्या आवृत्तीचा आणि मूळ ठिकाणाहून आणलेला. मागणी एवढीच की प्रत्येकाने आपली ईडी२५५१९ जातीची किल्ली करावी, तिला स्वतःचा परवलीचा वाक्यांश लावावा, उघडा भाग सरांकडे द्यावा, आणि चाळीस ओळी भरल्या की सर्व्हरवर परवलीच्या शब्दाने प्रवेश बंद व्हावा. कक्षातील यंत्रे सामाईक असल्याने किल्ली पेनड्राइव्हवर ठेवावी आणि काम संपले की खिशात घालून न्यावी. हा लेख छापखान्यात जाईपर्यंत बावीस ओळी भरल्या होत्या. एकोणीस जणांनी किल्ली केली. दोघींनी आपापल्या लॅपटॉपसाठी वेगळी दुसरी केली, म्हणून दोन ओळी जास्त. आणि एक ओळ खुद्द विभागप्रमुखांची आहे, त्यांनी ती माझ्याकडून समजावून घेऊन स्वतः टंकली.

मोटेच्या शब्दांचे काम पुन्हा सुरू केले आहे. गेल्या दोन रविवारी आम्ही चौघे त्या आजोबांच्या गावी जाऊन आलो. त्यांच्या धाकट्या भावाला बरेच आठवते, पण सगळे नाही. थारोळ्यातून पाटात पाणी पडते त्या जागेला आजोबा एक खास शब्द वापरीत असत. तो मी माझ्या हाताने फाइलीत लिहिला होता, डिसेंबरात. भावाला तो आठवला नाही. मलाही आठवत नाही. फळ्यावरचा शब्द मात्र अजून तिथेच आहे. अठरा ओळी बाकी आहेत.